इयत्ता सातवीचा एक प्रकल्प : मुक्ता साळवे हिचा निबंध

इतिहास, भाषा आणि नागरिकशास्त्र हे विषय वेळापत्रकात वेगवेगळ्या तासिकांत विभागले गेले आहेत. मुलांच्या मनात मात्र असे खण नसतात. पेशवाईचा शेवट इतिहासाच्या तासाला, निबंध कसा लिहावा हे भाषेच्या तासाला आणि समतेचा हक्क नागरिकशास्त्राच्या तासाला, अशी वाटणी झाली म्हणजे तिन्ही गोष्टी पाठ होतात, पण त्यांचा परस्परांशी असलेला संबंध ध्यानात येत नाही. हा संबंध जोडण्याचे साधन म्हणून प्रकल्पाकडे पाहावयास हवे. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाची पद्धती २०१० मध्ये आपल्या राज्यात आल्यापासून प्रकल्प हा शब्द प्रत्येक शाळेत रूढ झाला आहे. तथापि पुष्कळ ठिकाणी त्याचा अर्थ रंगीत कागद, चिकटवलेली चित्रे आणि कुठून तरी उतरवून घेतलेली चार पाने एवढाच उरला आहे. असे प्रकल्प दिसावयास सुबक असतात. बहुधा त्यांत पालकांचे अक्षर आणि दुकानदाराचा नफा असतो. अमेरिकन शिक्षणज्ञ किलपॅट्रिक यांनी १९१८ साली या पद्धतीची मांडणी केली, तेव्हा विद्यार्थ्याने मनापासून स्वीकारलेला हेतू हा तिचा प्राण मानला होता. मुलाच्या मनात प्रश्नच उभा राहिला नाही तर हेतू येणार कोठून?

असा प्रश्न उभा करणारा एक मजकूर मराठीत आहे, आणि तो एका विद्यार्थिनीनेच लिहिलेला आहे. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात १८४८ पासून मुलींसाठी, आणि पुढे अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींच्या मुलांसाठी शाळा काढल्या. त्यांच्या शाळेत शिकणारी मांग समाजातील मुलगी मुक्ता साळवे हिने मांग व महार यांच्या दुःखाविषयी एक निबंध लिहिला. १८४२ मध्ये अहमदनगर येथे अमेरिकन मिशनऱ्यांनी सुरू केलेल्या ‘ज्ञानोदय’ पत्रात तो १८५५ साली, १५ फेब्रुवारी आणि १ मार्च अशा दोन अंकांत प्रसिद्ध झाला. ज्या घरांत कित्येक पिढ्या अक्षर शिरले नव्हते, त्यांपैकी एका घरातली ही मुलगी. आणि तिचा निबंध छापून आला तेव्हा शिकलेल्या मराठी स्त्रियाच हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या.

भाषेच्या तासाला प्रथम हा निबंध वाचावा. त्याविषयीचे भाषण मागाहून. वाचन शिक्षकाने स्वतः करावे, कारण भाषा जुनी आहे आणि काही वाक्ये लांब आहेत. वाचून झाल्यावर मुलांना एवढेच विचारावे, की लिहिणारी मुलगी लहान आहे हे कोणत्या जागी कळते? उत्तर बहुधा एका विशिष्ट ठिकाणी सापडते. उच्चवर्णीयांची मुले दगड मारून रक्त काढतात, तरी मांग-महारांची मुले तक्रार करीत नाहीत. कारण उष्टे अन्न मागण्यास त्याच घरी जावे लागते, असे ती सांगते. मोठ्या विद्वानाने लिहिले असते तर दारिद्र्य आणि परावलंबन असे शब्द आले असते. या मुलीने दगड, रक्त आणि उष्टे लिहिले. निबंधलेखनाचा हा पाठ कोणत्याही व्याकरणाच्या पुस्तकातून देता येणार नाही. याच निबंधात ती वादही घालते. वेद फक्त ब्राह्मणांचे, ते इतरांनी पाहावयाचेही नाहीत, असे म्हणतात. तर मग ज्यांना धर्मग्रंथच नाही ते आपण धर्मरहित ठरलो, असा निष्कर्ष काढून ती थेट देवाला विचारते की आमचा धर्म कोणता ते सांग. प्रतिपक्षाचे म्हणणे मान्य करून त्यातूनच त्याला अडचणीत आणणे, ही युक्तिवादाची रीत सातवीतील मुलांना समजते. समजावून देण्याची घाई मात्र करू नये.

इतिहासाच्या तासाला काम अधिक कठीण आहे, आणि तेथेच प्रकल्पाचा खरा कस लागतो. पेशवाईतील जुलमांचे वर्णन करताना, तालीमखान्यापुढून गेलेल्या मांग-महाराचे शिर कापून गुलटेकडीच्या मैदानात त्याचा चेंडू करीत, असे मुक्ता लिहिते. इमारतींच्या पायात तेल-शेंदूर पाजून आपल्या लोकांना पुरले, असेही ती म्हणते. पेशवाई १८१८ मध्ये संपली आणि निबंध छापला गेला १८५५ मध्ये. मध्ये ३७ वर्षे गेली. म्हणजे ही गोष्ट तिने डोळ्यांनी पाहिलेली नव्हे, वडीलधाऱ्यांकडून ऐकलेली. मुलांनी ही वजाबाकी स्वतः करावी. मग असा प्रश्न येतो की ऐकीव गोष्ट इतिहासात धरावी की नाही? येथे दोन चुका होतात. एक, प्रत्येक वाक्य घडलेच असे मानून फळ्यावर लिहिणे. दुसरी, कागदोपत्री पुरावा दाखवा असे म्हणून सर्वच बाजूला सारणे. दुसरी चूक अधिक अन्यायाची आहे, कारण ज्यांना लिहू-वाचू दिले नाही त्यांच्याजवळ कागदपत्रे कशी असणार? एका समाजाच्या घराघरांत ३७ वर्षांनंतरही कोणत्या आठवणी सांगितल्या जात होत्या, याचा हा निबंध अस्सल पुरावा आहे. प्रत्येक घटनेचा तपशील पडताळावयाचा तर दुसरी साधने शोधावी लागतील. एवढा भेद विद्यार्थ्याने आपल्या शब्दांत लिहिला तर प्रकल्पाचे अर्धे काम झाले.

निबंधात इंग्रजी राज्याविषयी कृतज्ञताही आहे. ती वाचून काही शिक्षक संकोचतात आणि तो भाग गाळतात. गाळण्याचे कारण नाही. त्याऐवजी त्याशेजारी दुसरी एक घटना ठेवावी. मुंबई इलाख्यातील धारवाड येथे जून १८५६ मध्ये एका महार मुलाने सरकारी शाळेत प्रवेश मागितला आणि तो नाकारण्यात आला. मुक्ताच्या निबंधानंतर हे सव्वा वर्षाने घडले. ज्या राज्याचे ती आभार मानते त्याच राज्याच्या शाळेचे दार बंद होते. तिचे म्हणणे खोटे ठरते काय? की रस्त्यावर निर्भयपणे चालता येणे आणि शाळेत बसता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत? मुलांनी यावर वाद घालावा. शिक्षकाने निकाल देऊ नये. निबंध मिशनऱ्यांच्या पत्रात आला, त्याचा छापणाऱ्याच्या हेतूशी काही संबंध असेल काय, हेही एखादी चौकस मुलगी विचारील. तिला थांबवू नये.

नागरिकशास्त्राचा भाग संविधानातील कलम १७ पासून सुरू करता येतो. अस्पृश्यता १९५० मध्ये संविधानाने नष्ट केली. तिचे आचरण करणाऱ्यास शिक्षा देणारा कायदा १९५५ मध्ये, म्हणजे मुक्ताच्या निबंधानंतर बरोबर १०० वर्षांनी आला. मधला काळ मुलांनी कालरेषेवर भरावा : कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये केलेली सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाची व्यवस्था, सार्वजनिक पाणवठे खुले करण्याविषयी मुंबई विधिमंडळात १९२३ मध्ये झालेला बोले यांचा ठराव, आणि तो कागदावरच राहिल्यामुळे डॉ. आंबेडकरांना १९२७ मध्ये महाडच्या चवदार तळ्यावर करावा लागलेला सत्याग्रह. ठराव आणि सत्याग्रह यांतील चार वर्षांचे अंतर मोठे बोलके आहे.

स्थानिक साधन म्हणून शाळेच्या जुन्या जनरल रजिस्टरासारखे दुसरे नाही. त्यात प्रवेशाची तारीख, शाळा सोडल्याची तारीख आणि सोडण्याचे कारण असते. फार जुन्या शाळांत काही नोंदी मोडी लिपीत आढळतात. गावात मोडी वाचणारी वृद्ध व्यक्ती असेल तर तिला सन्मानाने बोलवावे. मात्र रजिस्टर मुलांच्या हाती देऊ नये. त्यात नावे आहेत, जाती आहेत, आणि त्या घरांतील नातवंडे वर्गात बसलेली आहेत. मुख्याध्यापकांनी नावे व जाती वगळून केवळ आकडे काढून द्यावेत : पहिली मुलगी कोणत्या वर्षी दाखल झाली, दहा-दहा वर्षांच्या अंतराने मुली किती होत्या, शाळा सोडण्याची कोणती कारणे वारंवार लिहिली आहेत. कारणांचा हा रकाना मुलांना गप्प करतो, असा पुष्कळ शाळांचा अनुभव आहे.

हीच सावधगिरी संपूर्ण प्रकल्पभर हवी. मुक्ताच्या समाजातील एखादे मूल वर्गात असेल तर सर्वांच्या नजरा त्याच्याकडे वळतील असे एकही वाक्य शिक्षकाच्या तोंडून येऊ नये. ‘तुझ्या घरी विचारून ये’ हा निरुपद्रवी वाटणारा गृहपाठही येथे जखम करू शकतो. विचारावयाचेच असेल तर सर्वांनी एकच प्रश्न घरी न्यावा : आमच्या घरात शाळेत गेलेली पहिली व्यक्ती कोण, आणि ती किती शिकली? या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक घरी आहे, आणि पुष्कळ घरी ते आजीपाशी किंवा आईपाशी येऊन थांबते. ज्याला सांगावेसे वाटेल त्याने वर्गात सांगावे; इतरांनी वहीत लिहून ठेवावे. ती वही फक्त शिक्षकाने पाहावी.

लेखनासाठी चार ते सहा पाने पुरेत. गुणदान करताना सजावटीला गुण ठेवू नयेत. विद्यार्थ्याने कोणता प्रश्न विचारला, त्याचे उत्तर कोठे शोधले, ऐकलेले आणि वाचलेले वेगळे ठेवले काय, आणि जे सापडले नाही ते सापडले नाही असे लिहिले काय, एवढे पाहावे. शेवटच्या गोष्टीला सर्वाधिक गुण द्यावेत, कारण तीच मुलांना सर्वांत अवघड जाते. शुद्धलेखनाच्या चुका पेन्सिलीने दाखवाव्यात, पण वाक्ये बदलू नयेत.

पूर्ण झालेले प्रकल्प निकालानंतर रद्दीत जातात, ही रीत मोडावयास हवी. त्यांतील दोन-तीन निवडून, शिवून, शाळेच्या ग्रंथालयात क्रमांक देऊन ठेवावेत, म्हणजे पुढील वर्षीच्या वर्गाला तेथून काम सुरू करता येईल. मात्र घरच्या वहीतला मजकूर त्यांत घालावयाचा झाल्यास विद्यार्थ्याची व पालकांची संमती आधी घ्यावी.