काळी काच म्हणजे डोळ्यांचे कवच नव्हे

वैशाख पौर्णिमेच्या आसपास आपली अनेक कुटुंबे अजिंठा लेणी पाहायला जातात. फर्दापूरच्या टी-पॉइंटला गाडी लावायची, तिथून बसने सुमारे चार किलोमीटर जायचे आणि वाघूर नदीच्या नालेच्या आकाराच्या कड्याने एकेक लेणे पाहत पुढे सरकायचे. ऊन टळटळीत, खडक तापलेला. पाण्याची बाटली, टोपी, छत्री आपण आठवणीने घेतो. डोळ्यांचे काय, हा विचार मात्र मनात येत नाही. उलट कुणी गॉगल घातला तर ‘हिरो झालास का?’ म्हणून आपण हसतो.

यात हसण्यासारखे काही नाही. पाहुणा एका दिवसाने घरी जातो. पण लेणीच्या पायऱ्यांवरचे डोलीवाले, उन्हात फिरून वस्तू विकणारी मुले, कपाशीच्या शिवारात वाकून काम करणाऱ्या आपल्या आयाबहिणी, रस्त्याच्या कामावरचे मजूर हे सारे वर्षानुवर्षे त्याच उन्हात असतात. ज्याची रोजी उन्हात, त्याच्याच डोळ्यांना संरक्षणाची गरज सर्वांत जास्त. म्हणून या वेळी आम्ही गॉगलविषयी थोडे सविस्तर लिहीत आहोत.

ऊन डोळ्याला काय करते?

सूर्यप्रकाशात डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण असतात. त्यांचा परिणाम एका दिवसात जाणवत नाही, तो आयुष्यभर साठत जातो. डोळ्यातील नैसर्गिक भिंग गढूळ होते तो मोतीबिंदू. वय, मधुमेह, तंबाखू ही त्याची कारणे आहेतच, पण ऊन हेही एक कारण आहे. मोतीबिंदूमुळे आलेल्या अंधत्वापैकी १० टक्क्यांपर्यंत अंधत्वामागे अतिनील किरण असू शकतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. दुसरा त्रास म्हणजे नाकाकडच्या कोपऱ्यातून बुबुळावर सरकणारी मांसाची वाढ. डॉक्टर तिला टेरिजियम म्हणतात. ऊन, वारा आणि धूळ यांत काम करणाऱ्यांत ती जास्त आढळते. ती बुबुळाच्या मध्यापर्यंत पोहोचली तर नजरेला अडथळा होतो.

पोलराइज्ड म्हणजे काय?

सूर्याचा प्रकाश सर्व दिशांनी कंप पावत येतो. पाणी, डांबरी रस्ता, गाडीचे बॉनेट अशा आडव्या पृष्ठभागावर आपटून परत येताना त्यातील बराचसा प्रकाश आडव्या दिशेने कंप पावू लागतो. डोळे दिपवणारी चकाकी ती हीच. पोलराइज्ड काचेतील गाळणी हा आडवा प्रकाश अडवते आणि उभा तेवढा आत सोडते. त्यामुळे अजिंठ्याच्या घाटात दुचाकी चालवताना, पावसानंतरच्या ओल्या रस्त्यावरून जाताना किंवा तळ्याकाठी काम करताना समोरचे स्पष्ट दिसते. डोळे किलकिले करावे लागत नाहीत, कपाळ दुखत नाही, खड्डा वेळेवर दिसतो. हा फायदा खरा आहे आणि मोठा आहे.

पण इथेच गल्लत होते

पोलराइज्ड काच चकाकी अडवते. अतिनील किरण अडवणे हे वेगळे काम आहे. काळा रंग हे तिसरेच काम करतो, तो फक्त उजेड कमी करतो. रस्त्याकडेला मिळणारा साधा काळा गॉगल अतिनील किरण अडवत नसेल, तर तो न घातलेला बरा. कारण अंधार वाटला की डोळ्याची बाहुली मोठी होते आणि त्या मोठ्या दारातून अतिनील किरण जास्त प्रमाणात आत शिरतात. डोळ्याला गार वाटते, पण इजा सुरूच राहते.

गॉगल घेताना

१) ‘यूव्ही ४००’ किंवा ‘१०० टक्के यूव्ही संरक्षण’ असे लिहिलेले पाहा. ४०० नॅनोमीटरपर्यंतचे अतिनील किरण ती काच अडवते, असा त्याचा अर्थ. पोलराइज्ड असणे ही त्यानंतरची गोष्ट.

२) नुसत्या चिकटपट्टीवर विश्वास ठेवू नका. कोणी सांगितले म्हणून मानू नका, तपासून घ्या, ही तथागतांची शिकवण गॉगलच्या दुकानातही उपयोगी पडते. बऱ्याच चष्म्याच्या दुकानांत अतिनील किरण मोजण्याचे छोटे यंत्र असते. त्यावर काच तपासून मागा.

३) पोलराइज्ड आहे की नाही हे दोन गॉगल घेऊन पाहता येते. एकाच्या काचेसमोर दुसऱ्याची काच धरून हळूहळू आडवी फिरवा. दोन्ही पोलराइज्ड असतील तर एका ठिकाणी जवळजवळ अंधार होतो.

४) आकार मोठा, कडेने उजेड न शिरणारा असावा. किंमत जास्त म्हणजे संरक्षण जास्त, असे नाही.

५) नंबरचा चष्मा असेल तर पांढऱ्या काचेतही अतिनील संरक्षण मिळू शकते. दुकानदाराला तसे सांगा.

कुठे चालत नाही?

रात्री गाडी चालवताना गॉगल घालू नये. सूर्यग्रहण कोणत्याही गॉगलमधून पाहू नये. वेल्डिंगच्या ठिणगीसमोर त्यासाठीचीच काच हवी. पोलराइज्ड काचेतून मोबाइलचा किंवा गाडीच्या मीटरचा पडदा काही कोनांतून काळा दिसतो. गॉगल बिघडला असे समजू नका.

लेणी पाहणाऱ्यांसाठी एक गोष्ट

लख्ख उन्हातून अंधाऱ्या लेण्यात शिरल्यावर डोळ्याला अंधाराची पूर्ण सवय व्हायला वीस ते तीस मिनिटे लागतात. दोन लेण्यांमधल्या वाटेवर गॉगल घातला, तर डोळे कमी दिपतात आणि आत भित्तिचित्रे लवकर दिसू लागतात. लेण्याच्या दारात मात्र गॉगल आठवणीने काढा, नाहीतर पायरी चुकेल.

मुलांच्या डोळ्यातील भिंग जास्त नितळ असते, त्यामुळे अतिनील किरण आतपर्यंत पोहोचतात. खेळण्यातला रंगीत चष्मा त्यांना देऊ नका. गॉगल घेणे जमत नसेल तर रुंद काठाची टोपी, छत्री, कपाळावर पुढे ओढलेला पदर यांचाही चांगला उपयोग होतो. सकाळी दहा ते दुपारी दोन या वेळेत ऊन सर्वांत घातक असते. ढग असले तरी अतिनील किरण येतातच.

धुरकट दिसणे, दिव्याभोवती वलये दिसणे, बुबुळावर मांस सरकणे असे काही जाणवले तर औषधाच्या दुकानातून थेंब आणून दिवस काढू नका. जवळच्या सरकारी रुग्णालयात किंवा संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात डोळे दाखवा. राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम १९७६ पासून चालू आहे आणि त्याखाली सरकारी रुग्णालयांत मोतीबिंदूची शस्त्रक्रिया मोफत होते. तो आपला हक्क आहे. आणि उद्यापासून कामावर जाणारे कुणी गॉगल घालून निघाले, तर त्याला हसू नका. कोणता घेतला, तपासून घेतला का, एवढे विचारा.