वायरलेस कीबोर्ड-माउस: शिवडीतल्या घरासाठी खर्चाचा हिशोब

घरात एकच कॉम्प्युटर आहे, तो टेबलावरून हलत नाही आणि त्याच्यावरच मुलांचा अभ्यास, वीजबिल, बँकेची कामं चालतात, तर वायरलेस माउस खुशाल घ्या, कीबोर्ड मात्र वायरचाच राहू द्या. पूर्ण लेख वाचायला सवड नसेल त्यांनी एवढं लक्षात ठेवलं तरी पुष्कळ. माउस सारखा हलतो, त्याची वायर कपात, वहीत, टेबलाच्या कडेला अडकते. कीबोर्ड एकदा ठेवला की तिथेच असतो, त्याच्या वायरीचा कुणाला त्रास नसतो. न होणाऱ्या त्रासासाठी दुप्पट पैसे का मोजायचे?

याला एक अपवाद आहे आणि तो आपल्याकडे बऱ्याच घरांत सापडेल. शिवडीच्या बीडीडी चाळीतली खोली जेमतेम १६० चौरस फुटांची. तिथे कॉम्प्युटरसाठी वेगळं टेबल मांडण्याची चैन नाही. लॅपटॉप एचडीएमआय वायरीने भिंतीवरच्या टीव्हीला जोडायचा आणि कॉटवर बसून काम करायचं, अशी सोय असेल तर वायरलेस जोडी घ्यावीच. पायात येणारी वायर आणि तिच्यामुळे खाली येणारा लॅपटॉप, हे नुकसान कितीतरी महाग पडेल.

आता भाव. हे सगळे अदमासे आहेत. ऑनलाइन सेल लागला की खाली येतात, सेल संपला की पुन्हा चढतात. वायरचा बरा कीबोर्ड ३५० ते ६०० रुपये, वायरचा माउस २०० ते ३५०. नावाजलेल्या कंपनीचा साधा वायरलेस माउस ५०० ते ८००. वायरलेस कीबोर्ड-माउसची जोडी, दुकानदाराच्या भाषेत कॉम्बो, ९०० पासून २,००० पर्यंत. तीन उपकरणांना आलटून पालटून जोडता येणारा ब्लूटूथ कीबोर्ड अडीच-तीन हजारांच्या घरात. या किमतींत १८ टक्के जीएसटी धरलेला असतो. दुकानदार तो वेगळा सांगू लागला तर पाकिटावरची एमआरपी दाखवा, कारण तिच्यात सगळे कर आलेले असतात.

किंमत एकदाच द्यायची, सेल मात्र पुन्हा पुन्हा घ्यावे लागतात. माउसला बहुधा एक पेन्सिल सेल लागतो, कीबोर्डला दोन बारीक. अल्कलाइन सेल नगाला ३० ते ५० रुपये. रोजच्या वापरात माउसचा सेल सहा महिने ते वर्षभर चालतो, कीबोर्डचे दीड-दोन वर्षं. म्हणजे जोडीचा सेलखर्च वर्षाला ९० रुपयांच्या आसपास. पाच वर्षांचा हिशोब करा: १,३०० ची जोडी आणि ४५० चे सेल, एकूण १,७५०. वायरचा कीबोर्ड ४५०, वायरलेस माउस ६०० आणि त्याचे सेल २००, एकूण १,२५०. दोन्ही वायरचे घेतले तर ७०० मध्ये काम आटोपलं.

दहा-पंधरा रुपयांचे साधे सेल घेऊन यात बचत करू नका. ते लवकर बसतात आणि आत गळतात. त्यात खाडीकाठची दमट, खारी हवा. स्प्रिंगला गंज चढायला वेळ लागत नाही. मे महिन्याच्या सुट्टीत गावी जाताना सेल काढून ठेवावेत. अल्कलाइन सेल गळून पांढरी पूड जमलीच, तर कापसावर थेंबभर व्हिनेगर घेऊन पुसा, कोरडं करा. बहुतेक वेळा माउस पुन्हा चालतो. आतच बॅटरी असलेले, चार्ज करायचे माउसही मिळतात. मात्र ती बॅटरी काही वर्षांनी थकली की घरच्या घरी बदलता येत नाही, म्हणून सेलवाला बरा.

यापुढचा मुद्दा डोंगलचा, आणि वायरलेसमध्ये पैसे खरे बुडतात ते इथेच. नखाएवढा हा तुकडा यूएसबीच्या भोकात बसतो आणि २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींवर माउसशी बोलतो. स्वस्त माउस आणि त्याचा डोंगल कारखान्यातच एकमेकांशी बांधलेले असतात. डोंगल हरवला तर धडधाकट माउस भंगारात जातो. दुसऱ्या माउसचा डोंगल त्याला चालत नाही. काही कंपन्यांचे डोंगल वेगळे विकत मिळतात. लॉजिटेकच्या ‘युनिफाइंग’ डोंगलवर नारिंगी ताऱ्यासारखी खूण असते आणि एकाच डोंगलला सहा उपकरणं जोडता येतात. त्याच कंपनीचा नवा ‘बोल्ट’ डोंगल मात्र जुन्या युनिफाइंग उपकरणांना चालत नाही, तेव्हा खूण बघून घ्या. बऱ्याच माउसच्या पोटात, सेलशेजारी, डोंगल ठेवायला खाच असते. लॅपटॉप दप्तरात टाकण्याआधी तो तिथे जायलाच हवा.

माउस अडखळतो, बाण उड्या मारतो, म्हणून नवा घेण्याआधी डोंगल कुठे खोचलाय ते बघा. निळ्या रंगाचं यूएसबी ३.० पोर्ट आणि त्याला जोडलेली हार्डडिस्क २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट करतात. इंटेलने २०१२ मध्येच हे मोजून प्रसिद्ध केलं आहे. त्यात चाळीत भिंतीला भिंत लागून प्रत्येक घरात वायफाय, आणि त्यातलं बरंचसं याच पट्ट्यात. डोंगल काळ्या पोर्टात लावा. सीपीयूच्या मागे, लोखंडी पत्र्याआड असेल तर पुढे आणा. तरी भागलं नाही तर शंभर-दीडशे रुपयांची यूएसबी एक्स्टेन्शन वायर घेऊन डोंगल माउसजवळ ठेवा. वायरलेससाठी वायर विकत घ्यायची हा विनोद खरा, पण उपाय हमखास. काचेच्या टेबलावर साधा माउस चालत नाही. त्याला जुनी वही पुरते.

ब्लूटूथला डोंगल लागत नाही, म्हणून ते लॅपटॉप, टॅब्लेट, फोनवाल्यांच्या सोयीचं. जुन्या डेस्कटॉपमध्ये मात्र ब्लूटूथच नसतं. त्याचा अडॅप्टर आणखी ३०० ते ६०० रुपये. शिवाय विंडोज सुरू होण्याआधी ब्लूटूथ कीबोर्ड बहुधा काम करत नाही. जुना वायरचा कीबोर्ड माळ्यावर असू द्या.

कीबोर्डवर पासवर्ड टाइप होतात, हेही ध्यानात हवं. २०१६ मध्ये बॅस्टिल या अमेरिकन कंपनीच्या संशोधकांनी दाखवलं की अनेक स्वस्त वायरलेस कीबोर्डवर टाइप केलेलं सांकेतिक न करता तसंच हवेत जातं आणि ते दुरून टिपता येतं. खोक्यावर ‘१२८-बिट एईएस एन्क्रिप्शन’ लिहिलेलं असेल तरच बँकेच्या कामाला तो कीबोर्ड वापरा. दुसरी खूण भारतीय मानक ब्यूरोची. वायरलेस कीबोर्डला सक्तीची नोंदणी २०१२ च्या पहिल्याच आदेशात लागू झाली. खोक्यावर वा उपकरणावर ‘आर’ या इंग्रजी अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो. तो ‘बीआयएस केअर’ या मोफत अ‍ॅपवर टाकला की कंपनीचं नाव येतं. नाव जुळलं नाही तर माल ठेवून निघा.

मराठीसाठी वेगळा कीबोर्ड लागत नाही. विंडोजमध्ये मराठी टायपिंगची इन्स्क्रिप्ट मांडणी आधीपासून आहे. अक्षरांचे स्टिकर शंभरेक रुपयांत मिळतात. मुलगी राज्य परीक्षा परिषदेच्या टायपिंग परीक्षेची तयारी करत असेल, तर आखूड कळांचा, नंबर पॅड नसलेला छोटा वायरलेस कीबोर्ड तिला देऊ नका. बोटांना एकदा चुकीचं अंतर बसलं की सुटत नाही.

खरेदीला शिवडीहून लॅमिंग्टन रोड दूर नाही. पाच रुपयांच्या तिकिटात हार्बर गाडीने सँडहर्स्ट रोड, तिथून बस. बेस्टचं किमान भाडं मे २०२५ पासून १० रुपये आहे. रविवारी बहुतेक दुकानं बंद. एका माउससाठी एवढी पायपीट करण्यात अर्थ नाही, तो ऑनलाइन मागवा. कीबोर्ड मात्र दुकानातच, दहा ओळी टाइप करून घ्यावा. कळ जड आहे की मऊ हे फोटोत कळत नाही. खोक्यावर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता आणि एमआरपी हवी. ‘बिल नको असेल तर शंभर कमी’ असं कुणी म्हणालं तर नको म्हणा, कारण एक ते तीन वर्षांची वॉरंटी त्या बिलावरच मिळते. बिल असूनही दुकानदार दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन लावा. तिथे मराठीतूनही तक्रार नोंदवता येते.