नकाशावरचा रंग आणि गावातली हवा

शिरूर आणि दौंड हे पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील दोन तालुके. शिरूर शहर घोड नदीच्या काठी, तर दौंड भीमेच्या काठी वसलेले. सरळ रेषेत दोन्ही गावांतील अंतर सुमारे ४५ किलोमीटर भरते. विद्यार्थी मित्रांनो, संगणकावर किंवा मोबाइलवर हवेच्या प्रदूषणाचा एखादा नकाशा उघडा आणि ही दोन गावे शोधा. बऱ्याच नकाशांवर त्यांच्या डोक्यावर काही ना काही रंग पसरलेला दिसेल. कधी हिरवा, कधी पिवळा, तर थंडीच्या दिवसांत नारिंगीसुद्धा. हा रंग तेथे आला कोठून? तेथील हवा कोणी मोजली?

नकाशा जरा मोठा करून पाहा. पसरलेल्या रंगाखेरीज त्यावर काही ठिपके असतात. ठिपका म्हणजे मोजणी केंद्र. पुणे जिल्ह्यातील ठिपके मोजलेत, तर त्यांतील बहुतेक पुणे आणि पिंपरी-चिंचवड या शहरांत दाटीने बसलेले आढळतील. याला कारण आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने ‘सफर’ ही हवेच्या गुणवत्तेची यंत्रणा उभारली, ती प्रथम २०१० साली दिल्लीत, राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धांच्या वेळी. पुण्यात ती २०१३ साली सुरू झाली. २०१९ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम हाती घेतला, तोही शहरांसाठीच. पुणे त्यात आहे. तालुक्याच्या गावांची पाळी साहजिकच मागे राहिली.

केंद्रात मोजतात तरी कसे? एक पंप बाहेरची हवा ठरावीक वेगाने आत ओढतो. एक प्रचलित यंत्र मिनिटाला सुमारे १६.७ लिटर हवा घेते. तासाभरात ही हवा सुमारे १,००० लिटर, म्हणजे बरोबर एक घनमीटर होते. वाटेत मोठे कण वेगळे काढले जातात आणि २.५ मायक्रोमीटरपेक्षा लहान व्यासाचे कण एका कागदी फितीवर बसतात. (माणसाचा केस साधारण ५० ते ७० मायक्रोमीटर जाड असतो.) मग फितीतून बीटा किरण सोडतात. थर जितका जड, तितके पलीकडे पोचणारे किरण कमी. त्यावरून थराचे वजन कळते. फितीवर ७५ मायक्रोग्रॅम बसले, तर हवेत दर घनमीटरला ७५ मायक्रोग्रॅम कण होते. या कणांना ‘पीएम २.५’ म्हणतात. १० मायक्रोमीटरपर्यंतचे सर्व कण धरले, तर ते ‘पीएम १०’.

नकाशावर मात्र ७५ हा आकडा दिसत नाही, दिसतो तो निर्देशांक. भारताचा निर्देशांक २०१५ साली सुरू झाला. त्यात आठ प्रदूषके धरली आहेत: पीएम १०, पीएम २.५, नायट्रोजन डायऑक्साइड, सल्फर डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड, ओझोन, अमोनिया आणि शिसे. प्रत्येकाचा उपनिर्देशांक वेगळा काढतात आणि त्यांतील सर्वांत मोठा तो त्या ठिकाणचा निर्देशांक. सरासरी नव्हे, सर्वांत मोठा! निदान तीन प्रदूषकांची मोजणी लागते आणि त्यांत एक तरी कणांची हवीच.

एक उदाहरण सोडवू. पीएम २.५ च्या ६१ ते ९० या टप्प्याला निर्देशांकाचा १०१ ते २०० हा टप्पा नेमून दिला आहे. ७५ हा आकडा ६१ च्या पुढे १४ ने आहे, आणि टप्प्याची लांबी २९. म्हणून १०१ + (१४ ÷ २९) × ९९ = सुमारे १४९. त्याच दिवशी पीएम १० समजा १४० आहे. त्याचा १०१ ते २५० हा टप्पा त्याच १०१ ते २०० शी जोडलेला असल्याने उत्तर येते सुमारे १२७. दोहोंत मोठा १४९, तेव्हा निर्देशांक १४९. वर्ग ‘मध्यम’, रंग पिवळा.

आता गंमत पाहा. जगभरची केंद्रे दाखवणारे कित्येक नकाशे अमेरिकेचा निर्देशांक वापरतात. त्या पद्धतीत ५५.५ ते १२५.४ मायक्रोग्रॅमचा टप्पा १५१ ते २०० ला जोडला आहे. आपले ७५ मायक्रोग्रॅम तेथे सुमारे १६५ होतात, त्यांचा वर्ग ‘आरोग्यास अपायकारक’ आणि रंग लाल! हवा तीच, कण तेच. एका नकाशावर पिवळी, दुसऱ्यावर लाल. म्हणून वर्गात दोन विद्यार्थ्यांनी दोन नकाशांवरून आकडे आणले, तर वाद घालण्यापूर्वी मोजपट्टी कोणती हे विचारावे. शक्य असेल तेथे निर्देशांक सोडून सरळ मायक्रोग्रॅमचा आकडा वाचावा, हे उत्तम.

ठिपक्यांमधली जागा रंगवण्याच्या रीती निरनिराळ्या आहेत. सर्वांत सोपी अंतराच्या प्रमाणात सरासरी काढण्याची. समजा, एका गावापासून ६० किलोमीटरवरील केंद्र १२० दाखवते आणि ३० किलोमीटरवरील दुसरे केंद्र ६०. जवळच्या केंद्राला दुप्पट वजन दिले, तर (१२० + ६० + ६०) ÷ ३ = ८०. अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वजन दिले, तर जवळच्याला चौपट वजन मिळते आणि उत्तर ७२ येते. माहिती एकच, उत्तरे दोन. आणि त्या गावातील हवेचा एक कणही कोणी मोजलेला नाही. मधे एखादा पाचटाचा फड पेटलेला असेल, तर या गणिताला त्याचा पत्ताही नसतो.

दुसरी रीत संगणकीय प्रतिमानाची. वारा, तापमान, वाहने, कारखाने यांची माहिती घालून प्रदूषण किती असावे हे संगणक काढतो. युरोपच्या कोपर्निकस कार्यक्रमाच्या जागतिक प्रतिमानात पृथ्वीचा पृष्ठभाग सुमारे ४० किलोमीटर बाजूच्या चौकटींत विभागलेला आहे. अशा एका चौकटीचे क्षेत्रफळ १,६०० चौरस किलोमीटर भरते, म्हणजे जवळजवळ एक तालुकाच. रांजणगावची औद्योगिक वसाहत आणि तेथून दूरच्या एखाद्या वाडीची ज्वारीची शेते अशा चौकटीत एकाच आकड्यात बसतात. उपग्रहही मदतीला येतात. पण जमिनीपासून वरपर्यंतच्या साऱ्या हवेतली धूळ त्यांना एकत्र दिसते आणि पावसाळी ढगांखालचे तर काहीच दिसत नाही.

हे नकाशे निरुपयोगी आहेत असे मुळीच नाही. मोठ्या प्रदेशावर पसरलेले धुरके किंवा दूरवरून आलेली धूळ ते चांगली दाखवतात. मात्र गल्लीच्या टोकाचा धूर त्यांना विचारू नये.

या दोन तालुक्यांत असा धूर पुष्कळ असतो. ऊसतोडणीच्या हंगामात रिकाम्या फडातले पाचट पेटवतात. दौंड तालुक्यात केडगाव-यवतच्या बाजूला गुऱ्हाळे आहेत, त्यांची चुलाणे तासन्‌तास पेटलेली असतात. चिपाडाऐवजी चुलाणात प्लॅस्टिकचा कचरा गेला, तर धूर कितीतरी अधिक घातक होतो. शिरूरकडून पुणे-अहिल्यानगर रस्ता जातो, दौंड तालुक्यातून पुणे-सोलापूर महामार्ग. दोन्हीकडे जड वाहनांची रीघ.

असे धूर थोडा वेळ पण दाट असतात आणि येथे सरासरी आपल्याला चकवते. कणांचा निर्देशांक २४ तासांच्या सरासरीवर काढतात. समजा, २२ तास हवेत ४० मायक्रोग्रॅम होते आणि दोन तास ४००. सरासरी (८८० + ८००) ÷ २४ = ७०. निर्देशांक सुमारे १३२, पुन्हा ‘मध्यम’. त्या दोन तासांत दम्याच्या रुग्णाची काय अवस्था झाली, हे या आकड्यातून कळणार नाही.

आणखी एक गोष्ट दौंडच्या मुलांनी ध्यानात ठेवावी. कुरकुंभला रासायनिक कारखान्यांची वसाहत आहे. आठ प्रदूषकांच्या यादीत द्रावकांच्या बाष्पांचा समावेश नाही. तेव्हा नाकाला झोंबणारा वास येत असताना निर्देशांक ‘चांगला’ असणे शक्य आहे आणि यंत्र बिघडलेले नसेलही! ते बाष्प त्याला मोजायलाच सांगितलेले नाही.

थंडीत हवा अधिक वाईट का होते? एरवी जमिनीजवळची हवा तापून वर जाते आणि धूर बरोबर नेते. निरभ्र रात्री जमीन झपाट्याने थंड होते, तिला लागून असलेली हवाही थंड होते आणि वर उबदार थर राहतो. थंड हवा जड, ती वर जाईना. या उलट्या रचनेला तापमानाचे व्युत्क्रमण म्हणतात. नदीकाठच्या सखल भागात ती चांगली जाणवते. डिसेंबरच्या पहाटे धुराचा लोट सरळ वर न जाता थोड्या उंचीवर आडवा पसरलेला दिसला, तर त्या थराची खालची बाजूच तुम्हाला दिसते आहे असे समजा. ऊन वर आले की बहुधा दहाच्या सुमारास तो मोडतो.

करून पाहा

शाळेच्या गच्चीवरून दिसणाऱ्या तीन खुणा निवडा. एक जवळची, एक मध्यम अंतरावरची आणि एक दूरची टेकडी किंवा धुराडे. महिनाभर रोज सकाळी साडेसात आणि दुपारी दोन वाजता कोणत्या खुणा स्पष्ट दिसतात ते वहीत नोंदवा. बाजूला वाऱ्याची दिशा, धुके, आणि कोठे काही जळत असल्यास तेही लिहा. शेवटच्या रकान्यात त्या वेळी नकाशाने दाखवलेला आकडा, नकाशाचे नाव आणि सर्वांत जवळच्या ठिपक्याचे अंतर.

जोडीला तीन काचपट्ट्यांवर व्हॅसलीनचा पातळ थर द्या. एक रस्त्याच्या बाजूला, एक शाळेच्या आवारात, एक शेताच्या बांधावर अशा २४ तास आडव्या ठेवा आणि भिंगाखाली एक चौरस सेंटिमीटरमधील ठिपके मोजा. येथे दिसतात ते मोठे, जड कण. पीएम २.५ चे कण भिंगातून दिसणार नाहीत, शिवाय ते इतके हलके असतात की पट्टीवर फारसे बसतच नाहीत. त्यांच्यासाठी शाळेला लेसरवर चालणारा स्वस्त संवेदक घेता आला तर पाहावे. मात्र धुक्याच्या सकाळी तो पाण्याचे थेंबही कण म्हणून मोजतो, तेव्हा वहीतला धुक्याचा रकाना रिकामा ठेवू नका.