आग बाहेर, पाणी आत

नरक चतुर्दशीच्या पहाटे आमच्याकडे सूर्य उगवायच्या आत घरातल्या सगळ्यांची अंघोळ व्हावी लागते. त्या वर्षीही पाचच्या आधीच सासूबाईंनी पाट मांडला, तेल कोमट केलं, उटणं कालवलं. नाशिकची थंडी त्या दिवाळीत लवकर पडली होती. आधी सासरे, मग हे, मग धाकटा मुलगा. माझी सतरा वर्षांची लेक म्हणाली, "माझ्या केसांना वेळ लागेल, मी शेवटी जाते."

मी ओट्याशी फराळाची ताटं भरत होते. मधेच जाणवलं की बाथरूममधून पाण्याचा आवाज सलग येतोय. अंघोळ करणाऱ्याच्या पाण्याचा आवाज तुटक असतो. तांब्या बुडतो, पाणी अंगावर पडतं, मधे थोडी शांतता असते. ही नुसती नळाची धार होती, आणि तिच्यामागे गीझरची घरघर. हाका मारल्या, दार वाजवलं, आतून काहीच नाही. यांनी खांदा लावून कडी तोडली. लेक भिंतीला टेकून खाली बसल्यासारखी कोसळली होती. बादली भरून वाहत होती आणि वर गीझरची ज्योत जळत होती.

तिला बाहेर ओढून आणलं, चादर गुंडाळली. शेजारच्या काकू म्हणाल्या, फिट आली असेल, कांदा हुंगवा. त्या कांद्यात आमची मोलाची मिनिटं गेली. काकूंना दोष देत नाही, त्यांचा जीवही तळमळत होता. पण बंद बाथरूममध्ये कोणी असं कोसळलेलं दिसलं आणि तिथे गॅस गीझर असला, तर कांदा, चप्पल, किल्ली यातलं काहीही शोधू नका. माणसाला आधी मोकळ्या हवेत आणा. दारं-खिडक्या उघडा, गॅस बंद करा आणि 108 ला फोन लावा.

दवाखान्यात बोटाला लावायच्या यंत्राने ऑक्सिजन 98 दाखवला. आमच्या जिवात जीव आला. तेवढ्यात ड्यूटीवरच्या तरुण डॉक्टरीण बाईंनी विचारलं, "बाथरूममध्ये गीझर कोणता आहे?" गॅसचा, म्हटल्यावर त्यांनी लगेच मास्क लावून शुद्ध ऑक्सिजन सुरू केला आणि रक्त तपासायला पाठवलं. नंतर त्यांनी समजावून सांगितलं. कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या दोनशेपटीहून जास्त घट्ट चिकटतो, आणि बोटावरच्या त्या यंत्राला या दोघांतला फरक कळत नाही. कोरोनानंतर ते यंत्र घरोघरी आहे, म्हणून हे मुद्दाम लिहिते. आकडा चांगला दिसला म्हणून घरी थांबू नका. डॉक्टरांनी विचारलं नाही, तर तुम्ही स्वतःहून सांगा की अंघोळीच्या खोलीत गॅस गीझर चालू होता. नुसत्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, शुद्ध ऑक्सिजनवर तेच काम तास-दीड तासात होतं. माझी लेक संध्याकाळी बोलू लागली. पुढचे काही आठवडे तिच्या विसरण्यावर, चिडचिडीवर लक्ष ठेवा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं, कारण या वायूचे काही परिणाम उशिरा दिसतात. ती सुखरूप आहे. आम्ही दार आणखी दहा मिनिटांनी वाजवलं असतं तर काय झालं असतं, हा विचार मी पुरा करू शकत नाही.

आदल्या संध्याकाळी बाथरूमच्या खिडकीच्या तिरप्या काचांच्या फटी मी स्वतः वर्तमानपत्राचे बोळे घालून बंद केल्या होत्या. गार वारा येतो, सासऱ्यांना खोकला होतो, म्हणून. गीझर बसवणाऱ्या माणसाने जागा विचारली तेव्हा "नळाच्या जवळच लावा, लगेच गरम पाणी येईल" असं मीच म्हटलं होतं. त्यानेही चार स्क्रू मारून तो लावून दिला, हवेबद्दल एक शब्द काढला नाही.

पुढे मी हिशेब मांडून पाहिला. मिनिटाला सहा लिटर पाणी तापवणारा गीझर पूर्ण ज्योतीवर तासाला किलोभर गॅस जाळतो. एक किलो गॅस नीट जळायला साधारण 12 घनमीटर, म्हणजे 400 घनफुटांहून जास्त हवा लागते. आमची बाथरूम 4 फूट बाय 7 फूट, उंची 8 फूट. सगळी मिळून 224 घनफूट. म्हणजे खोलीतली सगळी हवा अर्ध्या तासाची. पण तेवढा वेळही लागत नाही. प्राणवायू थोडा घटला की ज्योत अर्धवट जळू लागते आणि विषारी वायू तयार होतो. त्या पहाटे लेकीच्या आधी तिघांच्या अंघोळी झाल्या होत्या, मधे दार उघडायचं ते क्षणभरच.

माझ्या माहेरी परसात तांब्याचा बंब होता. त्याचा धूर डोळ्यांत जायचा, म्हणून तो आपोआपच उघड्यावर असायचा. गॅसने तो धूर नाहीसा केला आणि आम्ही आग बिनधास्त घरात घेतली. सिलिंडर गळला तर वास येतो, कारण गॅसमध्ये मुद्दाम वासाचं द्रव्य मिसळलेलं असतं. जळण्यातून तयार होणाऱ्या या वायूला ना रंग, ना वास. डोकं जड होतं, मळमळतं, आणि उठावं म्हटलं तर पाय साथ देत नाहीत. कडी हातभर अंतरावर असून माझ्या लेकीला ती गाठता आली नाही.

म्हणून गॅसचा गीझर बाथरूममध्ये नकोच. तो उघड्या बाल्कनीत किंवा बाहेरच्या भिंतीला लावायचा आणि आत फक्त पाण्याचा पाइप आणायचा. बाल्कनीला सरकत्या काचा लावल्या असतील तर तीही बाथरूमच झाली, हे बरेच जण विसरतात. गीझरचा धूर लगतच्या खिडकीतून परत घरात शिरत नाही ना, तेही पाहा. एक्झॉस्ट पंखा लावलाय म्हणून निर्धास्त राहू नका, कारण हवा आत यायला वाट नसेल तर पंखा बाहेर काय टाकणार? ज्योत निळी असली पाहिजे. पिवळी दिसली किंवा गीझरच्या तोंडाशी काजळी धरली, तर त्याच दिवशी तो बंद करून दुरुस्तीला बोलवा. आणि आजच्या आज जमण्यासारखं एक सांगते. गीझर बाहेर जाईपर्यंत तो दार-खिडकी उघडी ठेवून चालवा, बादली भरा, पाणी बंद करून ज्योत विझल्याची खात्री करा, आणि मगच आत जा.

आम्ही गॅसचा गीझर काढून विजेचा घेतला. तिथेही मी घाई केली. स्वयंपाकघरातल्या सिंकवर 3 किलोवॉटचा, लगेच पाणी तापवणारा छोटा गीझर लावला आणि त्याचा प्लग बदलून घेऊन मिक्सरच्या सॉकेटला जोडला. आठवड्यात प्लग वितळला. 3 किलोवॉट म्हणजे 13 अँपिअर, आणि मिक्सरचं सॉकेट असतं 6 चं. याला 16 अँपिअरचं वेगळं सॉकेट लागतं, थेट बोर्डापासून आणलेली 4 एमएमची वायर लागते, स्वतंत्र एमसीबी लागतो. पाण्याशी वीज जोडताय, तर अर्थिंग आणि 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी यांवर पैसे वाचवू नका. शिवाय अपेक्षाही बेताची ठेवा. पाणी 25 अंशांनी तापवायचं असेल तर असा गीझर मिनिटाला पावणेदोन लिटरच देतो. खरकटी भांडी धुवायला ते पुष्कळ, पण 15 लिटरची बादली भरायला नऊ मिनिटं लागतील. अंघोळीसाठी आम्ही 15 लिटरच्या टाकीचा 2 किलोवॉटचा गीझर घेतला. तो वीस-बावीस मिनिटं आधी लावायचा, बटण बंद करायचं, मग अंघोळीला जायचं.

गेल्या महिन्यात वरच्या मजल्यावर नवं जोडपं भाड्याने राहायला आलं. हळदीकुंकवाचं बोलावणं करायला गेले, तर बाथरूमच्या उघड्या दारातून भिंतीवर तोच पांढरा डबा दिसला. तिला पाचवा महिना आहे. पोटातल्या बाळाला हा वायू आईपेक्षाही जास्त बाधतो. मी तिथेच बसून सगळं सांगितलं. तिचा नवरा म्हणाला, "काकू, दहाच मिनिटं तर लागतात अंघोळीला." मी त्याला खाली आमच्या घरी नेलं आणि बाथरूमच्या दाराला कडीच्या जागी उरलेला फाटका लाकडाचा तुकडा दाखवला.

रविवारी प्लंबर आला. गीझर मागच्या बाल्कनीत गेला आणि भिंतीतून पाइप आत आला. आता सुरुवातीचं अर्धी बादली पाणी गार येतं, असं ती म्हणते. ते ती कपडे भिजवायला वापरते.