बसणाऱ्याच्या मापाची खुर्ची

खुर्ची म्हटले की आपल्याला प्रथम राजकारण आठवते. मी जिच्याविषयी लिहिणार आहे त्या खुर्चीसाठी मते मागावी लागत नाहीत. सागवान मात्र रोख पैसे मोजून आणावे लागते. मी सुतार नव्हे, मराठी साहित्याचा विद्यार्थी. पण घरातल्या मऊ, ठेंगण्या सोफ्यावरून आजीला कुणाचा हात धरल्याखेरीज उठता येईना, तेव्हा दिवाळीच्या सुट्टीत आमच्या आळीतील मिस्त्रींच्या हाताखाली मी ही खुर्ची केली.

पाट, चौरंग, घडवंची ही आपली जुनी आसने. 'खुर्ची' हा शब्दही अरबी 'कुर्सी'वरून आलेला. बसणाऱ्याच्या गुडघ्याशी पाटाला काही कर्तव्य नसते, खुर्चीला असते. म्हणून करवत हाती घेण्यापूर्वी मिस्त्रींनी आजीलाच मोजायला लावले. गुडघ्यामागच्या खळगीपासून जमिनीपर्यंत तिचे माप 16 इंच भरले. पाय दुखणाऱ्या माणसाला बैठक याहून किंचित उंच लागते, म्हणून साडेसतरा इंच ठरली. पण कुठली? गादी बसल्यावर दबते, हे विसरून चालत नाही. गादी दोन इंचांची आणि दबून एक इंच राहणारी, म्हणून तिच्याखालचे लाकूड साडेसोळा इंचांवर. उठताना माणूस पावले मागे ओढून गुडघ्यांखाली आणतो. तेव्हा पुढच्या दोन पायांमध्ये खाली आडवी पट्टी ठेवायची नाही. हात बैठकीच्या पुढच्या कडेपर्यंत आणायचे, म्हणजे त्यांवर भार देता येतो. आजी आता आपली आपण उठते. मला हाक मारण्याची सवय मात्र तिने सोडलेली नाही.

खुर्चीची खरी परीक्षा एकाच जागी होते: बाजूची पट्टी मागच्या पायाला मिळते तिथे. माणूस मागे रेलला की सारा ताण त्या सांध्यावर येतो. नुसता खिळा तिथे टिकत नाही. पट्टीच्या कापलेल्या टोकाला सरस लावून भागत नाही, कारण लाकडाचे टोक सरस पिऊन टाकते. पकड बसते ती रेषांच्या बाजूने. म्हणून पट्टीच्या टोकाला कुसू काढायचे, पायात पटाशीने तेवढीच खाच घ्यायची. कुसवाची जाडी पट्टीच्या सुमारे एक तृतीयांश. ते हाताच्या दाबाने, थोडे कुरकुरत आत गेले पाहिजे. हातोडीने ठोकावे लागले तर पाय चिरतो, सहज सरकले तर सांधा ढिला. मिस्त्रींचे हे 'थोडे कुरकुरत' कुठल्याही फूटपट्टीवर सापडणार नाही.

लाकूडही वाळलेलेच हवे. आषाढात वाड्याचे दार अडकते आणि चैत्रात सुटते, ते लाकूड रुंदीत फुगते-आक्रसते म्हणून. लांबीत फरक जवळजवळ पडत नाही. ओल्या लाकडाचे कुसू पुढे आक्रसून खाचेत खुळखुळू लागते. पूर्वी जनावरांच्या कातड्या-हाडांचा सरस वापरीत. उष्णतेने आणि ओलाव्याने तो सुटतो, हा त्याचा दोष. पण त्यामुळेच जुनी खुर्ची न मोडता उकलून दुरुस्त करता येते. फेव्हिकॉलचा सांधा असा सहजी उकलत नाही.

गादीचे काम मला सुतारकामाहून अवघड वाटले, कारण तिथे गुण्या उपयोगी पडत नाही. लाकडी चौकटीवर नवारीच्या पट्ट्या उभ्या-आडव्या विणून, ताणून, टोके दुमडून चुकांनी ठोकायच्या. (चुका म्हणजे बारीक खिळे, वाङ्मयशाखेच्या वाचकांनी दुसरा अर्थ घेऊ नये.) त्यावर गोणपाट, मग हाताने पिंजलेला काथ्या. काथ्या मध्यभागी जास्त, कडेला कमी. नाहीतर बैठकीची परात होते. काथ्याची टोके टोचू नयेत म्हणून त्यावर कापसाचा थर, मग मांजरपाट, शेवटी वरचे कापड. कापड कोपऱ्यांपासून ताणले तर वीण तिरपी पळते. आधी चारही बाजूंच्या मध्यावर एकेक चूक, मग मध्याकडून कोपऱ्यांकडे. फोमने हे सारे तासाभरात उरकले असते. पण आजीला त्यात घाम येतो.

काही वर्षांनी काथ्या दबेल आणि नवार सैल पडेल. म्हणून बैठक खुर्चीला चिकटवलेली नाही, खालून चार स्क्रूंनी धरली आहे. ते काढले की गादी हातात येते, काथ्या पुन्हा पिंजता येतो आणि सांध्यांना धक्काही लागत नाही.