तक्रार लेखी द्या, पोच घ्या

दिवाळी सरली की बीड जिल्ह्यातली गावं ओस पडतात. आई-बाप ऊसतोडीला कारखान्यावर जातात आणि पहिल्या वर्षाचं पोर शहरात खोली करून शिकतं. माझा भाचाही तसाच. परक्या ठिकाणी आधार म्हणून तो आपल्याच तालुक्याच्या सीनियर मुलांच्या ग्रुपमध्ये गेला. मग रात्री त्यांच्या खोलीवर 'इंट्रो' सुरू झाला. मान खाली, नजर शर्टाच्या तिसऱ्या बटणावर. उत्तर चुकलं की कानाखाली. त्यांचे डबे आणायचे, जर्नलं लिहून द्यायची. आईला फोनवर मात्र एकच उत्तर, "बरंय सगळं."

कळल्यावर मी महाविद्यालय गाठलं. "खोली गेटबाहेर आहे, आमचा काय संबंध?" असं ऐकावं लागलं. हे उत्तर कायद्यात बसत नाही. महाराष्ट्राचा 1999 चा रॅगिंगविरोधी कायदा संस्थेच्या आत आणि बाहेर, दोन्हीकडे लागू आहे. विद्यार्थी, पालक किंवा शिक्षकाची लेखी तक्रार आली की संस्थाप्रमुखाने 7 दिवसांत चौकशी करायची. प्रथमदर्शनी तथ्य दिसलं तर संबंधित विद्यार्थ्याला निलंबित करून तक्रार पोलिसांकडे पाठवायची. यात हयगय केली, तर प्रमुखानेच गुन्ह्याला साथ दिली असं कायदा मानतो. गुन्हा सिद्ध झाल्यास 2 वर्षांपर्यंत कैद, 10 हजारांपर्यंत दंड आणि 5 वर्षं कुठेही प्रवेश नाही.

मी अर्ज लिहिला, आवक शिक्का मारून पोच घेतली, तेव्हा कुठे चौकशी बसली. तोंडी सांगणं हवेत विरतं.

संस्थेला उशिरा जाग आली तर काय होतं, तेही पाहा. अमेरिकेत 2017 साली पेन स्टेट विद्यापीठात अशाच एका विद्यार्थी-मंडळाच्या घरी स्वागताच्या रात्री नव्या मुलाला अतोनात दारू पाजली गेली, तो दगावला. त्यानंतर विद्यापीठाने त्या मंडळाच्या तिथल्या शाखेची मान्यता कायमची काढून घेतली. संस्थेने हा अधिकार जीव जाण्याआधी वापरायचा असतो.

म्हणून पालकांनो, अर्जात तारीख, जागा, नावं लिहा. मोबाइलवरचे मेसेज पुसू नका. दाद लागली नाही तर 1800-180-5522 या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. मारहाण असेल तर थेट पोलीस ठाणं गाठा. आणि ज्या पोराचे आई-बाप फडावर आहेत, त्याच्यामागे मामा, काका, गावचे गुरुजी, कुणीतरी उभं राहा. ग्रुपच्या भीतीने एकही पोर शिक्षण सोडून कोयता हाती घेता कामा नये.