उकळायचा नसतो असा चहा

चहा म्हटला की आपण पत्ती, साखर टाकून खळखळून उकळतो. चीनच्या झेजियांग प्रांतातील ‘आन्जी बाय-छा’ असा उकळला तर कडू होऊन वाया जातो. नावाचा अर्थ ‘आन्जीचा पांढरा चहा’. पण तयार करण्याची रीत ग्रीन टीचीच. १९८० च्या दशकात एका जुन्या झुडपापासून कलमे करून त्याची लागवड वाढली. वसंतातील थंडीत पानांत हरितद्रव्य कमी बनते, ती फिकट राहतात. ऊब वाढताच पाने हिरवी होतात. तोडणी त्याआधीच्या मोजक्या आठवड्यांत होते, म्हणून हा चहा महाग. फिकट पानांत तुरट घटक कमी असल्याने तो साखरेविना गोडसर लागतो.

कृती : पाणी उकळून पाचेक मिनिटे उघडे ठेवा, सुमारे ८० अंशांवर येऊ द्या. ३ ग्रॅम पानांवर १५० मिली पाणी ओता, दोन मिनिटांनी गाळा. त्याच पानांचा आणखी दोनदा चहा होतो.

दुकानातल्या साध्या ग्रीन टीलाही हीच रीत चालते; महाग चहाच हवा असे नाही. मात्र कोणत्याही चहाने अन्नातील लोह अंगी कमी लागते. म्हणून रक्त कमी असलेल्या मुलींनी व गरोदर भगिनींनी जेवणाच्या आधी-नंतर तासभर चहा टाळावा. लोहाची गोळी चहासोबत घेऊ नये. जेवणात लिंबू पिळावे. त्याने लोह चांगले शोषले जाते.